खात्रीचा नमुना

पिन काढली तरी तिचा गंज कागदावर राहिलाच होता — तांबूस, बारीक, नेमका पिनेच्या मापाचा — आणि बाईंनी नखानं तो जरासा खरवडून पाहिला तर कागदाचाच पापुद्रा निघून आला, तेव्हा त्यांनी हात आवरला. कार्बनप्रतीचा कागद, कांद्याच्या सालीइतका पातळ. त्याच्याशी जबरदस्ती करायची नाही हे एकतीस वर्षं टंकलेखन केलेल्या बाईला नव्यानं कुणी सांगायला नको होतं. भाचीनं सहाही फायली सोमवारी परत आणून दिल्या होत्या. साहेबांची दोनशे सत्तर पत्रं, एकेका पानाचा फोटो काढून झालेला, आणि प्रत्येक पिन पुन्हा तिच्या जुन्याच भोकात घातलेली... ते पाहिलं तेव्हा बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आमच्या घरातली पोर आहे, त्या मनात म्हणाल्या होत्या, अशी तशी नाही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "मावशी, निकाल लागला! उद्या अकराला ये. परवा सभेत वाचायचाय मला, पण त्याआधी पहिल्यांदा तुलाच दाखवणार." कसा लागला, असं विचारायचं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि त्यांनी विचारलं भलतंच — जेवलीस का?

भाचीनं सात वर्षं खपून एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. जुनं लिखाण त्यात घातलं की ते खरोखर कुणाच्या हातचं आहे हे ते सांगतं; निदान कुणाच्या हातचं नाही, एवढं तर छातीठोकपणे सांगतं. मोठमोठ्या शब्दांकडे ते ढुंकूनही पाहत नाही. 'पण', 'तर', 'म्हणजे', 'आणि', 'तरीही' असले किरकोळ शब्द मोजतं, कशामागून काय येतं ते मोजतं, वाक्य किती चालून दम खातं ते मोजतं. "मोठे शब्द माणूस निवडून घालतो गं," भाचीनं समजावलं होतं, "त्यात सोंग आणता येतं. छोटे शब्द आपोआप पडतात. तिथे कुणाचंच लक्ष नसतं." ते ऐकल्यावर बाईंना हातातला चहा एकाएकी कडू लागला होता.

कारण साहेबांचं शेवटचं पुस्तक बाईंनी लिहिलेलं होतं.

जगात दुसऱ्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. साहेब म्हणजे मोठ्या ग्रंथालयाचे प्रमुख आणि दोन कादंबऱ्यांचे लेखक. पहिली सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेली, दुसरी सहासष्टाव्या, आणि मधल्या एकोणचाळीस वर्षांत एक ओळ नाही. पहिलीमुळे लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दगडाच्या खाणीतल्या बापाची आणि मुलाची गोष्ट. अजून शाळाकॉलेजांत शिकवतात ती. पण पुढे काहीच येईना, तशी कुजबुज सुरू झाली — साहेबांच्या खोलीवर एक मित्र राहायचा, तापानं गेला बिचारा, त्याच्या ट्रंकेत म्हणे एक बाड होतं... पुढचं कुणी बोलत नसे. नुसत्या भुवया उडवल्या की काम होई. साहेबांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही. ते कचेरीत आले की टोपी खुंटीला अडकवायचे आणि म्हणायचे, "हं बाई, आज काय काय आहे?" आणि बाईंना भुवया उडवणाऱ्या तमाम लोकांची गचांडी धरावीशी वाटायची.

मग शेवटचं पुस्तक आलं, आणि कुजबुज एका फटक्यात बंद झाली. म्हातारपणी जो असं लिहू शकतो, त्याला तरुणपणी कुणाच्या ट्रंकेत हात घालायची काय गरज, असं लोक म्हणाले. त्यासाठीच तर लिहिलं होतं. साहेबांना गिळू पाहणारं ते तोंड बंद व्हावं म्हणून — दुसरं काही नाही, बाई स्वतःला अठरा वर्षं हेच बजावत आल्या होत्या. दुसरं काही म्हणजे काहीसुद्धा नाही.

"आज काय सत्कार आहे का तुझा?" नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं. बाईंनी ठेवणीतले कपडे काढले होते हे त्यांच्या लक्षात आलं होतं म्हणजे बरंच झालं. त्यांचा जन्म बसडेपोत वेळापत्रकं लावण्यात गेला. घरात कोण किती वाजता निघतं यापलीकडे ते सहसा पाहत नसत.

"भाचीकडे जातेय. साहेबांच्या पुस्तकांचा निकाल आहे."

"कुठलं? ते शेवटचं? माझी झोपेची गोळी?" ते मनापासून हसले. "काय गुण आहे बुवा त्या पुस्तकाला. अठरा वर्षांत तेविसाव्या पानाच्या पुढे गेलो नाही मी."

बाईसुद्धा हसल्या. तेविसावं पान साहेबांचंच होतं. पहिली तीस पानं साहेबांनी खरोखर तोंडानं सांगितली होती, आजारपण बळावायच्या आधी, आणि पुढचीही तशीच सांगितली असं सगळे धरून चालले होते. तेव्हा नवरा झोपला तो साहेबांवर झोपला, माझ्यावर नाही — हा विचार जिना उतरताना त्यांना इतका गोड लागला की कठड्याला धरून त्या क्षणभर थांबल्या आणि मग स्वतःच्याच कोतेपणाची लाज वाटून भराभर खाली उतरल्या.

विद्यापीठापर्यंतचा रस्ता पायी पंचवीस मिनिटांचा. सत्तरीत पंचवीस, पूर्वी पंधराचा होता. चपलांचं दुकान, मग किल्ल्या बनवणारा, मग दवाखान्याची लांबच लांब भिंत... भिंतीच्या कडेनं चालताना बाई हिशेब मांडत होत्या, दोन बाजूंचा. एका बाजूला पहिलं पुस्तक. ते साहेबांचं आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी गाळलेलं एक प्रकरण पुन्हा घालायचं ठरलं आणि साहेबांनी घरून मूळ वही आणली. शाई पसरलेली, कोपरे झिजलेले. बाप खाणीतून परत येतो आणि डोळ्यांतली धूळ धुवायला पोराकडे पाणी मागतो, ते वाक्य त्या वहीत सात वेळा खोडून आठव्यांदा लिहिलेलं होतं. दुसऱ्याचं बाड उतरवून घेणारा माणूस एका वाक्यापायी असा जिवाचा आटापिटा करत नाही. आणि ते पान वाचून दाखवताना साहेब मध्येच उठून खिडकीशी गेले होते. त्यांचे वडील खाणीत होते, हे बाईंना तेव्हा कळलं. ती वही पुढे घर बदलताना रद्दीत गेली. साहेबांना असल्या गोष्टींचं काही नसे.

आणि दुसऱ्या बाजूला शेवटचं. त्याचीच धास्ती होती. भाची म्हणाली होती की शंका फक्त पहिल्या पुस्तकाची आहे, तेवढंच तपासायचंय, पण तुलना करायला साहेबांचं नक्की असलेलं लिखाण हवं — 'खात्रीचा नमुना' हा तिचा शब्द. तेव्हा बाईंनी कपाटाच्या तळातून सहा फायली काढल्या आणि तिच्या पुढ्यात ठेवल्या. साहेबांची पत्रं. तारखांसकट. इतकी वर्षं जपली ती काय उगाच? भाचीनं आनंदानं त्यांना मिठीच मारली होती. मग म्हणाली, "आणि शेवटचं पुस्तक आहेच. त्याबद्दल तर कुणाचंच दुमत नाही." बाईंनी वरच्या फायलीवरची धूळ पुसली. त्या दिवसापासून दोन वर्षं जीव टांगणीला लागला होता. पत्रं साहेबांची, पहिलं पुस्तक साहेबांचं, म्हणजे ते दोन्ही जुळणार आणि कुजबुज कायमची गाडली जाणार. पण मग शेवटचं? ते पत्रांशी जुळणार नाही आणि मशीन पकडणार... की मी ते सोंग इतकं बेमालूम वठवलंय की मशीनच्या बापालाही पत्ता लागणार नाही?

खरं सांगायचं तर बाईंना धास्ती निम्मी होती, आणि उरलेली निम्मी परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीची उत्सुकता होती. बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्यांनी साहेबांचा आवाज कानात साठवला होता. तो हुबेहूब कागदावर उतरवला, आणि एकाही टीकाकाराला वास लागला नाही. एकानं तर बसथांब्यावरच्या बाईचं प्रकरण — विचार पुरा व्हायचा आहे म्हणून दोन बस सोडून देणारी ती बाई — निवडून काढून लिहिलं होतं, स्त्रीचं मन या पुरुषाला इतकं आतून कसं कळलं हे एक कोडंच आहे. बाईंनी ते कात्रण कापून ठेवलं होतं. कोडंच आहे म्हणे!

भाचीची खोली तळघरात होती, पूर्वीच्या रसायनशास्त्राच्या कोठारात. ओट्यांवर आम्लाचे पिवळे डाग अजून होते आणि संगणकांचे पंखे एका सुरात घरघरत होते. भाचीनं त्यांच्यासाठी खोलीतली एकुलती एक चांगली खुर्ची पुसून ठेवली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कसेतरी बांधलेले, पण चेहरा असा उजळलेला की तिच्या आईची आठवण यावी. बाईंची बहीण पहिल्यांदा सायकलवर तोल सांभाळायला शिकली तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता.

"आधी डोळे मीट," भाची म्हणाली.

"मी काय लहान आहे?"

"मीट गं. सात वर्षं थांबलेय मी."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा समोर पडद्यावर ठिपके होते. निळे, हिरवे आणि तांबडे. पांढऱ्यावर सांडलेले. निळे आणि हिरवे एकमेकांत असे मिसळून गेलेले की वेगळे काढणं मुश्कील, आणि तांबडे दूर, वरच्या कोपऱ्यात, आपसांत घट्ट.

"हे बघ," भाचीचं बोट पडद्यावर फिरू लागलं, "एकेक ठिपका म्हणजे लिखाणाचा एकेक तुकडा. जवळ पडले म्हणजे एका हाताचे. निळी ती पत्रं, तू दिलेली. हिरवं शेवटचं पुस्तक. बघ कसे एकजीव झालेत! इतकं स्वच्छ मी आजवर कधी पाहिलं नव्हतं, मावशी. दोनशे सत्तर पत्रं आणि एक अख्खी कादंबरी, तीस वर्षांचा काळ, आणि माणूस एकच. काही म्हणजे काही शंका नाही."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. वठलं सोंग! मशीनच्या बापालाही... त्या खुर्चीत मागे टेकल्या, आणि मग तांबड्या ठिपक्यांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"आणि ते?"

भाचीचा आवाज खाली आला. "ते पहिलं पुस्तक." पडद्यावरचं बोट मागे घेत ती म्हणाली, "ते साहेबांचं नाही, मावशी. मला माहितीये, तुला वाईट वाटणार. म्हणूनच आधी तुला बोलावलं. चार महिने उलटसुलट करून पाहिलं. वय वाढल्यावर शैली बदलते, ते धरून पाहिलं. काहीही करा, ते तिथेच जाऊन बसतं. मित्राचं आहे असं मी म्हणणार नाही, त्याचं लिखाणच फारसं शिल्लक नाही. साहेबांचं नाही, एवढंच उद्या म्हणणार."

एवढंच. बाकीचं वर्तमानपत्रं म्हणतील. शाळेच्या पुस्तकातून नाव निघेल. आणि साहेबांच्या वडिलांच्या डोळ्यांतली धूळ, आठव्यांदा लिहिलेली, कुणा मेलेल्या माणसाच्या नावे जमा होईल.

"असं कसं होईल?" बाई म्हणाल्या. "पत्रं त्यांचीच आहेत की. पहिलं पुस्तकही त्यांचंच..." आणि मग त्या बोलता बोलता मध्येच थांबल्या.

पत्रं.

नाही म्हणून कळवा, बाई. — जरा गोडीत लिहा. — त्या अमक्यांच्या घरी दोन ओळी टाका, बरं दिसतं. — हे काय मागतायत? बघा तुम्हीच, आणि सहीला पाठवा. बावीस वर्षं साहेबांची पत्रं अशी होत आली होती, साऱ्या कचेऱ्यांत साऱ्या साहेबांची होतात तशी, आणि कुठल्याही टंकलेखनिकेला जन्मात कधी वाटलं नाही की आपण काही लिहितोय. साहेबांनी सही केली की पत्र साहेबांचं. त्यात लबाडी नव्हती, संशयसुद्धा नव्हता. तो रिवाजच होता, खुर्ची पुसून ठेवावी तसा. एका प्रकाशकाच्या विधवेनं तर साहेबांचं सांत्वनपत्र चौकटीत घालून भिंतीला लावलं होतं, आणि ते पाहून आल्यावर बाईंनी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं, साहेबांनी किती मनापासून लिहिलंय हो! साहेबांनी! त्या दिवशी साहेब दाढदुखीनं घरी होते, आणि ती चौदा वाक्यं बाईंनी सकाळी साडेनऊला मशीनमध्ये कागद घालून, बाहेर कुणीतरी पाण्याची बादली आपटत असताना, एका दमात... खात्रीचा नमुना. भाचीनं विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून माझीच पत्रं त्यांची म्हणून दिली. पोरीच्या सात वर्षांच्या कामाच्या पायातच मी हा दगड बसवला, आणि वर मिठी मारून घेतली.

"मावशी? पाणी देऊ?"

"दे."

भाची बाटली घेऊन बाहेर गेली. नळ जिन्यापाशी होता. तिची पावलं दूर जाताना ऐकू आली, मग कुणीतरी तिला थांबवलं आणि बोलणं सुरू झालं. बाई पडद्याकडे पाहत राहिल्या.

आता त्यांना आणखी काहीतरी दिसलं. दोन हिरवे ठिपके कळपातून सुटून निघाले होते, तांबड्यांच्या दिशेनं, अर्ध्या वाटेच्याही पुढे. भाचीनं त्यांच्याखाली बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं — पहिली दोन प्रकरणं, सुरुवातीची चाचपड, दुर्लक्ष करण्याजोगं. पहिली दोन प्रकरणं! म्हणजे पहिली तीस पानं. मशीननं साहेबांना ओळखलं होतं. बाईंना हुंदका आणि हसू दोन्ही एकदम आलं. धन्य पोर, काय मशीन बनवलंस! एकही ठिपका चुकला नव्हता. इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे, माणसं अगदी बरोबर वेगळी काढली होती त्यानं, फक्त त्याला जी नावं सांगितली ती खोटी होती, आणि ती सांगणारी मी.

...पण मग सोंग?

हा विचार मागून आला, जरासा उशिरा, आणि आला तो खोलीतली सगळी हवा घेऊन गेला. साहेब वरच्या कोपऱ्यात होते. मी इथे, खाली, या निळ्या-हिरव्या दाटीत. आमच्यामध्ये हातभर पांढरं. म्हणजे माझं सोंग वठलंच नव्हतं. शेवटच्या पुस्तकात मी त्यांच्या लकबी घेतल्या, त्यांचे आवडते शब्द घेतले, त्यांच्यासारखी वाक्यं मुद्दाम तोडली, ते गप्प बसायचे त्या जागी गप्प बसले, आणि इतकं करून एक पाऊलसुद्धा त्यांच्याकडे सरकले नाही. सरकले असते तर ठिपके सरकले असते. दर ओळीत, दर 'पण'ला आणि दर 'तरीही'ला मी मीच होते. दोन वर्षं मी रोज दुपारी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या टेबलाशी बसून, त्यांचं म्हणून जे लिहीत होते ते पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

आधी अपमान वाटला. खरंच वाटला, गाल तापले. इतका अभिमान बाळगला होता त्या हुबेहूब नकलेचा. आणि अपमानाच्या खालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं, सावकाश, ज्याला बाईंनी आयुष्यभर वरून झाकण दाबून ठेवलं होतं. मला एक हात आहे. म्हणजे मशीन म्हणतं त्या अर्थानं. एक चालण्याची तऱ्हा आहे, दम खाण्याची जागा आहे, जी दुसऱ्या कुणाची नाही, जी नोकरीतल्या भिकार चौकशीपत्रांतसुद्धा होती आणि बसथांब्यावरच्या त्या बाईतही होती. इतकं स्वच्छ मी आजवर पाहिलं नव्हतं, पोर म्हणाली. माझ्याबद्दल म्हणाली ती. तिला ठाऊक नव्हतं, पण माझ्याबद्दलच.

आणि साहेब?... पुस्तक छापून आलं तेव्हा ते बिछान्यात होते, माणसं ओळखण्याच्या पलीकडे गेलेले. बाईंनी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली, मधलं एक पान बराच वेळ वाचलं, बोट ओळीवरून फिरवत, आणि मान वर करून म्हणाले, "छान लिहिलंय. कुणाचं आहे हे?" "तुमचंच साहेब." त्यावर ते हसले, अगदी शाळेतल्या मुलासारखे खूश झाले, आणि त्यांनी ती प्रत उशाखाली ठेवून दिली. बाईंना तेव्हा केवढं पुण्य लागल्यासारखं वाटलं होतं. आज पहिल्यांदा त्यांना त्या क्षणातली दुसरी गोष्ट आठवली, इतकी वर्षं बाजूला सारलेली. 'तुमचंच' म्हणण्याआधी त्या थांबल्या होत्या. श्वासभर. साहेबांनी विचारलेला तो एकमेव खरा प्रश्न होता, आणि उत्तर ऐकायला खोलीत दुसरं कुणीही नव्हतं, आणि साहेब तर संध्याकाळपर्यंत विसरून गेले असते.

भाची आली. तिनं बाटली उघडून दिली, आणि बाई पीत असताना ती ओट्यावर चढून बसली, लहानपणी स्वयंपाकघरात बसायची तशी, पाय हलवत. तिची उद्याची भाषणाची पानं शेजारी होती. वरच्या पानावर मोठ्या अक्षरात आभार होते आणि आभारांत पहिलं नाव मावशीचं होतं; बाईंनी ते उलट्या बाजूनंसुद्धा वाचलं. टंकलेखन करणाऱ्याला सगळीकडून वाचता येतं.

"तू रागावलीस," भाची म्हणाली.

"नाही गं."

"मग? तोंड असं का झालंय तुझं? मला खरं सांग. तू त्यांच्याजवळ बावीस वर्षं बसलीस, नंतर घरीही जायचीस. बाकी कुणी काही म्हणू दे, पण तुला जर पटत नसेल ना, तर मी उद्या उभीच राहणार नाही. तुला पटतंय का हे?"

"तुझं मशीन बरोबर आहे," बाई म्हणाल्या. आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं. "अगदी बरोबर आहे. मला फार अभिमान वाटतो तुझा."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती घाईघाईनं दुसरीकडे बघू लागली. "पण?" ती म्हणाली. "पुढे 'पण' आहे ना? तुझा 'पण' मला लांबून ऐकू येतो."

होता. पुढे पण होता. आणि तो आत्ताच, उद्याच्या आधी, या खोलीतच सांगायला हवा होता, हे बाईंना पाणी पितापिताच पक्कं झालं होतं. त्याला पुरावाही होता. ते दोन सुटलेले ठिपके होते, आणि हवं तर वाण्याची यादी, बहिणीला लिहिलेली पत्रं, काय वाटेल ते मशीनमध्ये घाला, ते धावत जाऊन त्या निळ्या-हिरव्यात बसेल. त्यानं साहेबांचं पहिलं पुस्तक साहेबांकडे परत जाईल. शेवटचं त्यांच्या हातून सुटेल, लोक काय वाटेल ते बोलतील, साहेबांबद्दल, बाईंबद्दल, बावीस वर्षं आणि रोजच्या दुपारी यांबद्दल तर फारच चवीनं बोलतील, बोलोत. भाचीला नव्यानं सगळं मांडावं लागेल, उद्याची सभा हातची जाईल, तरी तिचं मशीन खरंच ठरेल. हे सगळं बाईंना दिसत होतं, टंकलेखनाला बसण्याआधी अख्खं पत्र डोळ्यांपुढे दिसावं तसं, समास सोडून, परिच्छेद पाडून. फक्त पहिलं वाक्य ठरायचं होतं.

दोन वाक्यं होती. पहिलं पुस्तक साहेबांचंच आहे. शेवटचं पुस्तक माझं आहे. एक म्हटलं की दुसरं मागोमाग म्हणावंच लागणार होतं, भाचीला दोन्हींतून कळणार होतं ते एकच, आणि कुठलं आधी म्हटलं यानं जगात काडीचाही फरक पडणार नव्हता. बाईंना पडत होता. त्यांनी ओठ पुसले. साहेबांसाठीच बोलतेय मी, त्यांनी स्वतःला बजावलं, त्यांचं त्यांना मिळावं म्हणून, दुसरं काही नाही, आणि हे बजावताना अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपलाच आवाज खोटा वाटला, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. भाची वाट पाहत होती. आणि जिभेवर येऊन बसलेल्या वाक्यात साहेबांचं नाव कुठेच नव्हतं.